थीम पार्कला पोरांना नेताय? शिकवायचं की नुसती मजा, हे नाशिकहून निघायच्या आधीच ठरवा

दिवाळी झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो. अर्धे पालक म्हणतात एवढे पैसे घालून, पहाटे उठून पोरांना नेतोय तर काहीतरी शिकून आली पाहिजेत. बाकीचे म्हणतात वर्षभर शाळा आहे, क्लास आहे, एक दिवस तरी सोडा बिचाऱ्यांना. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि गेली आठ वर्षं सोसायटीतल्या पोरांची ट्रिप मीच काढतो, कधी खोपोलीच्या इमॅजिकाला, कधी जवळच्या वॉटर पार्कला, आणि या आठ वर्षांत माझं मत पक्कं झालंय. पार्कचं काम मजा देणं. शिकवणं हे पार्कचं काम नाही, ते आपलं काम आहे, आणि तेही राइडच्या आधी नाही, राइडनंतर. हे कसं जमवायचं ते खाली सविस्तर लिहितोय, ज्यांना नुसतं बस-डब्याचं वाचायचंय त्यांनी मधला भाग वाचा.

आधी हे मनात क्लिअर करा

पहिल्या वर्षी मी पोरांना कागद दिले होते. दहा प्रश्न, प्रत्येक राइडचा एक, उत्तर लिहून आणायचं. मला वाटलं छान आयडिया आहे. झालं असं की दोन हुशार मुलांनी बोर्डवर वाचून उत्तरं लिहिली आणि बाकी चौदा जणांनी त्यांच्यावरून उतरवली, आणि एक मुलगा तर राइडवरून उतरल्या उतरल्या, पाय अजून थरथरत होते त्याचे, तसाच खाली बसून पेन शोधायला लागला. त्याला वरून खाली येताना पोटात काय झालं ते सांगायचं होतं मला, तोंडावर सगळं दिसत होतं, आणि मी विचारलं काय तर चौथा प्रश्न झाला का. ते मला अजूनही लागतं. जे सांगायला तो धावत आला होता तेच खरं शिक्षण होतं आणि ते मी कागदापायी घालवलं. पुढच्या वर्षीपासून कागद बंद.

आणि हे फक्त आपल्यालाच जमत नाही असं नाही, मोठमोठ्या पार्कांनाही जमलेलं नाही. अमेरिकेत डिस्नेचं पहिलं पार्क १९५५ ला उघडलं ते सरळ सरळ मजेसाठी. मग १९८२ मध्ये फ्लोरिडाला त्यांनी एप्कॉट उघडलं, त्यात भर होता विज्ञान, ऊर्जा, समुद्र, शेती, जगातले देश असल्या विषयांवर, म्हणजे चालताबोलता शिका अशी कल्पना. तिथली ऊर्जेवरची राइड १९९६ मध्ये जरा विनोदी केली, २०१७ ला बंद केली आणि २०२२ मध्ये त्याच जागी सिनेमातल्या पात्रांची रोलर कोस्टर आली. इतका पैसा, इतके हुशार लोक हाताशी असून गाडी शेवटी मजेकडेच वळली. यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण सुट्टीच्या दिवशी माणूस कशासाठी येतो ते यावरून कळतं.

फक्त एका गोष्टीत मी कडक आहे. पार्कने शिकवलं नाही तरी चालेल, पण खोटं शिकवायचं नाही. एकदा का तुम्ही खरा विषय घेतला, खरा किल्ला, खरा प्राणी, खरं युद्ध, की मग ते नीटच दाखवलं पाहिजे. कारण पोराने वर्गात ऐकलेलं आठवड्यात विसरलं जातं पण बोटीतून जाताना अंधारात जे दिसलं ते वीस वर्षं डोक्यात राहतं, चुकीचं असलं तर चुकीचंच राहतं. १९९३ मध्ये डिस्नेने व्हर्जिनियात अमेरिकेच्या इतिहासावर पार्क काढायचं जाहीर केलं होतं, तिथल्या यादवी युद्धाच्या रणभूमीपासून जवळच. तिकडच्या इतिहासकारांनी जोरदार विरोध केला, म्हणाले युद्ध आणि गुलामगिरी हा काय पाळण्यात बसून बघायचा विषय आहे का, आणि १९९४ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. मला ते पटतं. काही विषय मजेत बसत नाहीत, ते पार्कने घेऊच नयेत. आणि जे बसतात ते घ्यावेत पण नीट माहिती काढून घ्यावेत.

तर ग्रुपवर वाद सुरू झाला की हे एवढं टाका आणि पुढच्या कामाला लागा.

निघायच्या आधी

नाशिकहून खोपोली म्हणजे एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या आसपास धरा, चार-साडेचार तास जातातच, मधे ट्रॅफिक लागलं तर जास्त. आम्ही पाथर्डी फाट्यावरून पहाटे साडेचारला बस काढतो. आता इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय त्यामुळे कसारा घाट टाळता येतो, आणि त्यात इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, पोरं तो बोगदा बघूनच अर्धी खूश होतात. पण मी जाताना तरी जुन्या घाटाने न्या म्हणतो, कारण खाली सांगतो.

शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवार जमला तर शाळेची एक दिवस सुट्टी घ्या, अर्धा दिवस रांगेत घालवण्यापेक्षा ते परवडतं. नाश्ता राइडच्या कमीत कमी दीड तास आधी आणि हलका, बसमध्ये चिवडा-दशमी ठीक, वाटेत झणझणीत मिसळ नको, मिसळ परत आल्यावर नाशिकलाच खा. वॉटर पार्क असेल तर नायलॉनचे कपडे, सुती टी-शर्टवर बऱ्याच ठिकाणी पाण्यात सोडत नाहीत. आणि प्रत्येक मुलाची उंची घरूनच मोजून न्या. गेटवर उंचीच्या पट्टीपाशी पोरगं दोन बोटांनी कमी भरलं की जे रडू कोसळतं ते दिवसभर निस्तरावं लागतं. घरीच सांगा की बाबा ही राइड तुला यंदा नाही, आणि का नाही तेही सांगा: खांद्यावरचा आणि मांडीवरचा बार ठरावीक अंगाच्या माणसासाठी बनवलेला असतो, अंग लहान असलं की बार आणि शरीर यात फट राहते. कारण कळलं की मुलं ऐकतात.

मुलांना अभ्यास म्हणून काहीही वाचायला देऊ नका. एकच काम द्या: प्रत्येकाने दिवसभरात एक गोष्ट अशी शोधायची जी "ही अशी कशी काय होते" असं वाटेल. लिहायची नाही. लक्षात ठेवायची.

रांगेत

रांग हीच सगळ्यात कामाची जागा आहे. राइड दोन-तीन मिनिटांची आणि रांग अर्ध्या तासाची, मग बोलायला वेळ कुठे आहे ते तुम्हीच बघा. पण रांगेत लेक्चर द्यायचं नाही, मुलांना जे हवंय त्याच्यावरच बोलायचं, आणि रांगेत मुलांना एकच गोष्ट हवी असते: आपला नंबर कधी.

आमच्या खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी आहे, गणिताला घाबरते, पेपरच्या आदल्या दिवशी जेवत नाही. एकदा रांगेत सारखी विचारत होती काका किती वेळ, काका किती वेळ. म्हटलं तूच काढ ना. पुढे किती माणसं आहेत मोज. तिने पाइपच्या रेलिंगमध्ये वाकून वाकून मोजली, साधारण १६०. एका गाडीत सीट किती, २४. दोन गाड्यांमध्ये वेळ किती, मोबाइलवर लावला, साडेतीन मिनिटं. मग १६० भागिले २४, म्हणजे सात गाड्या, साताला साडेतीनने गुणलं, साडेचोवीस मिनिटं. मागच्यापुढच्या अनोळखी लोकांना पण सांगून आली, २५ मिनिटांत आपला नंबर. प्रत्यक्षात लागली २८. ती हिरमुसली नाही, उलट तिनेच पकडलं की तीन-तीनचे ग्रुप बसतात म्हणून बऱ्याच ओळींत चौथी सीट रिकामी जाते, दर गाडीला वीसच्या आसपासच माणसं बसतायत, म्हणजे आठ गाड्या. आठ गुणिले साडेतीन, २८. मला तिचा चेहरा आठवतो अजून. तिला कुणी गणित शिकवलं नव्हतं त्या दिवशी, तिला राइडमध्ये बसायची घाई होती म्हणून तिने ते केलं. हे पार्कच्या कुठल्या बोर्डवर लिहून होत नाही.

दुसरी गोष्ट रांगेत करायची ती म्हणजे नाडी. मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा. राइडच्या आधी एकदा, उतरल्यावर लगेच एकदा. पाच मिनिटांनी परत. पोरं एकमेकांशी स्पर्धा लावतात, कुणाची जास्त वाढली. आणि बऱ्याचदा असं निघतं की जो "मी घाबरत नाही भो" म्हणत होता त्याची रांगेतच वाढलेली असते. त्याला चिडवू देऊ नका कुणाला. सांगा की अंग आधीच तयारीला लागतं, ते चांगलंच आहे.

राइडवर काय बघायचं, काय ऐकायचं

इथे जरा माझ्या कामाचा विषय आहे म्हणून जास्त लिहितो.

चेनने वर जाणाऱ्या रोलर कोस्टरला चढताना टक टक टक टक आवाज येतो. पोरांना वाटतं काहीतरी तुटतंय. तो आवाज गाडी मागे घसरू नये म्हणून असतो: रुळाच्या मधोमध दात्यांची पट्टी असते आणि गाडीखाली एक लोखंडी खिट्टी, दर दात्यावरून खिट्टी पुढे पडते, चेन तुटली तरी गाडी त्या दात्यावर अडकून उभी राहते. आमच्याकडे याला रॅचेट म्हणतात. पोरांना रॅचेट सांगू नका, सायकल सांगा. सायकल चालवताना पॅडल थांबवलं की मागच्या चाकात जे टिकटिक टिकटिक येतं ना फ्रीव्हीलचं, तेच हे. ज्या पोराला हे कळलं ते पुढच्या वेळी चढताना तो आवाज ऐकून घाबरत नाही, उलट कान देऊन ऐकतं. काही नव्या राइड आवाज न करणाऱ्या असतात, तिथे वेगळी व्यवस्था असते, पण असते नक्की.

वर गेल्यावर चेन सोडते, आणि त्यानंतर गाडीला इंजिन नाही. हे मोठ्यांनाही माहीत नसतं. पुढची सगळी वळणं, उलटं होणं, सगळं त्या पहिल्या उंचीच्या जिवावर. म्हणूनच पहिली चढण सगळ्यात उंच असते, पुढची कुठलीच तिच्याएवढी नसते, खाली उभं राहून बोटाने दाखवा. इमॅजिकाची नायट्रो १३२ फुटांची, म्हणजे ४० मीटरच्या जरा वर. नववी-दहावीचं पोर बरोबर असेल तर त्याला बसमध्ये परत येताना हिशेब करायला सांगा: दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, येतात ७८४, त्याचं वर्गमूळ २८. सेकंदाला २८ मीटर, ताशी शंभर किलोमीटर. घर्षण सोडून दिलंय यात. आणि या हिशेबात वजन कुठे आलंच नाही, हे त्याच्या लक्षात येतंय का बघा. जाड्या मित्राला "तू बसलास की गाडी जोरात जाईल" म्हणून चिडवणारे असतात प्रत्येक ग्रुपमध्ये, त्यांचं तोंड बंद करायला हे पुरतं.

गाडी स्टेशनात आली की चाकं बघायला लावा. चाकं फक्त रुळाच्या वर नसतात, बाजूला पण असतात आणि रुळाच्या खाली पण. रूळ तिन्ही बाजूंनी धरलेला असतो. उलटं झाल्यावर पडत का नाही याचं अर्धं उत्तर तिथे डोळ्यांसमोर असतं. उरलेलं अर्धं घरी गच्चीवर: छोट्या बादलीत अर्धं पाणी घ्या आणि हात सरळ ठेवून गोल फिरवा, डोक्यावरून. सांडत नाही. हळू केलं की सांडतं. एकदा भिजलं की पक्कं होतं.

आणि लूपचा आकार. तो पूर्ण गोल नसतो, वरचं वळण लहान आणि खालचं मोठं असतं, उलट्या थेंबासारखा. १८९५ मध्ये न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडला एक राइड होती तिचा लूप अगदी गोल होता, आणि लोकांच्या माना दुखायच्या, कारण गाडी जोरात येऊन एकदम गोलात घुसली की सगळा दाब तिथेच बसतो. मग कितीतरी वर्षांनी, १९७६ ला कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा लूप आला, खाली वळण मोठं म्हणजे दाब हळूहळू येतो आणि वर वळण लहान म्हणजे कमी स्पीडलाही गाडी रुळाला चिकटून राहते. मला ही गोष्ट फार आवडते कारण यात कुणीतरी माणसांच्या मानेचा विचार केलाय. पोरांना आकार कागदावर काढायला लावू नका, हवेत बोटाने काढायला लावा, लगेच चूक कळते.

फ्री-फॉल टॉवरवाल्या राइडला खाली येताना ब्रेक कसा लागतो हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बऱ्याच टॉवरला ते चुंबकाचे ब्रेक असतात, काही घासत नाही आणि लाइट गेली तरी लागतात. हे सांगून कळत नाही, करून दाखवा. एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या जाड नळीचा हातभर तुकडा मागा, आणि त्यात सैल जाईल असा छोटा निओडिमियमचा मॅग्नेट घ्या. नळी उभी धरून मॅग्नेट वरून सोडा. तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही, तरी तो नळीतून इतका हळू उतरतो की पोरं वरून डोळा लावून बघत बसतात. आमच्या बसमध्ये ती नळी कायम असते. मॅग्नेट मात्र लहान मुलांच्या हातात एकट्याने देऊ नका, तोंडात घालतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

मोबाइल, पेन, बाटली, काहीही हातात घेऊन राइडमध्ये बसू देऊ नका, प्रयोगासाठी सुद्धा नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात बसेल.

राइड मधेच थांबली तर लोक ओरडायला लागतात, "बंद पडली, बंद पडली". आमच्या ट्रिपला एकदा चाळीस मिनिटं थांबली होती एक. तेव्हा पोरांना घेऊन सावलीत बसलो आणि सांगितलं की कुठल्यातरी सेन्सरला शंका आली असेल, एक गाडी पुढच्या टप्प्यातून निघाल्याशिवाय मागची सोडायची नाही असा नियम असतो आणि शंका आली की मशीन थांबतं. कंपनीत आमच्याकडेही असंच. थांबलेलं मशीन सेफ असतं. कामगारांवर ओरडू नका, त्यांचं काम तेच आहे. हे पोरांना मोठ्या माणसाच्या वागण्यातूनच कळतं, म्हणून तुम्ही पहिले शांत राहा.

पाण्याच्या पार्कात थोडक्यात

पूलला डोळे झोंबणारा वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त टाकलंय. तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो, क्लोरीन आणि माणसांचा घाम, लघवी यांची रिअ‍ॅक्शन होऊन जे तयार होतं त्याचा असतो. हे सोळा पोरांना एकदा सांगितलं की सगळी आपणहून शॉवर घेऊन पाण्यात उतरतात, मला परत बोलावं लागलं नाही. वेव्ह पूलमध्ये ट्यूबवर बसवून विचारा की लाट तुला किनाऱ्याला घेऊन गेली का. खोल भागात बहुतेक वेळा माणूस वरखाली होतो आणि लाट पुढे निघून जाते. बस एवढंच, बाकी खेळू द्या.

जो बसायला नको म्हणतो त्याचं काय

त्याला बसवू नका. "काही होत नाही रे" म्हणत ढकलू तर अजिबात नका. आमच्यात एक मुलगा तीन वर्षं रोलर कोस्टरला बसला नाही, खाली माझ्याबरोबर उभा राहायचा आणि गाडी कुठे किती वेगात जाते ते बघायचा. चौथ्या वर्षी स्वतःच म्हणाला काका यंदा बसतो, मला माहितीये कुठे काय होतं. जे खाली उभे राहतात त्यांना बघायला सगळ्यात जास्त मिळतं, त्यांना बॅगा सांभाळायला ठेवू नका. आजी-आजोबा, पाठीचा किंवा हार्टचा त्रास असणारे, गरोदर बाया, यांनी गेटवरचा बोर्ड वाचूनच ठरवायचं, तिथे भीड नको.

परतीच्या बसमध्ये

"आज काय काय शिकलात" हा प्रश्न विचारायचा नाही. हा प्रश्न ऐकला की बस गप्प होते. विचारा, सगळ्यात जास्त कुठे फाटली. विचारा, काय परत करायचंय. मग आपोआप येतं, "काका ते पाण्यातून जाताना बोट खाली कशी काय बसत नाही", "काका तो टॉवर वर एक सेकंद थांबतो का मुद्दाम". सगळ्यांची उत्तरं देऊ नका, दोन-तीन शिल्लक ठेवा. कल्याण सोडेपर्यंत अर्धी पोरं झोपलेली असतात, त्यांना झोपू द्या.

पुढचा रविवार

हा भाग लोक सोडून देतात आणि माझ्या मते हाच मुख्य. पार्क झाल्यावर पुढच्या रविवारी नाशिकमध्येच दोन तास काढा.

इमॅजिकाला राजासौरसची बोटीतली राइड आहे. पोरांना वाटतं डायनासोर म्हणजे अमेरिकेतले आणि हा नाव देऊन बनवलेला. तर राजासौरस खरा आहे. त्याची हाडं गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रहिओलीला १९८० च्या दशकात आपल्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लोकांनी खणून काढली आणि २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं राजासौरस नर्मदेन्सिस. डोक्यावर छोटं बोथट शिंग, मांस खाणारा. तो जगला त्या काळाच्या शेवटाला, म्हणजे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, दख्खनमध्ये लाव्हा वाहायला लागला, थरावर थर, आणि तो थिजून जो काळा दगड झाला तो म्हणजे आपला नाशिकचा दगड. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणीचा डोंगर, सगळं तेच. म्हणून म्हणतो जाताना जुन्या कसारा घाटाने न्या, घाटात कातळाचे आडवे थर दिसतात पायऱ्यांसारखे. शास्त्रज्ञांनी या लाव्हाच्या थरांना जी नावं दिलीत त्यात इगतपुरी आहे, नेरळ आहे, खंडाळा आहे. म्हणजे आपली बस इगतपुरीहून खोपोलीला जाते ती अख्खा रस्ता त्या लाव्हावरूनच जाते.

तर पोरांना पांडवलेणीला घेऊन जा. सकाळी लवकर, पायऱ्या चढायला ऊन लागत नाही. वर २४ लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची, तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून ठेवलंय दगडात. पण आधी त्यांना भिंतीला हात लावू द्या, जिथे कोरीव काम नाही तिथे. मागच्या वर्षी चौथीतला एक जण हात लावून तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "काका, हा दगड गरम होता तेव्हा राजासौरस इथे होता का?" मी म्हटलं इथेच होता का ते सांगता येणार नाही, त्याची हाडं गुजरातेत सापडली, पण काळ साधारण तोच. त्याने हात काढला नाही. बोटीतल्या राइडमध्ये तो नुसता ओरडला होता, आणि ते ओरडणं झालं नसतं तर पांडवलेणीच्या दगडाला त्याने हात लावला नसता, हे मी खात्रीने सांगतो. खाली उतरलं की पायथ्याशीच फाळके स्मारक आहे, दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे, सिनेमाची राइड आवडलेल्या पोरांना तिथे न्या. आकाशातली राइड आवडली असेल तर यशवंतराव चव्हाण तारांगण. सगळं एकाच रविवारी कोंबू नका.

पार्कचं तिकीट परवडत नसेल तर

सोळा पोरांची ट्रिप म्हणजे खर्च मोठा, आणि आमच्यातही दोन-तीन घरं असतात ज्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी नवरात्रातली कालिका यात्रा आहे. आकाशपाळणा, होडी, ब्रेक डान्स, सगळं तिथे आहे आणि मशीन उघडं दिसतं, जे पार्कात झाकलेलं असतं. होडीच्या झोक्याला घड्याळ लावा, भरलेली असताना आणि जवळपास रिकामी असताना, साधारण तेवढाच वेळ लागतो, फक्त मोटर ढकलायची थांबल्यावर मोजा. मशीनजवळ जायचं तर पाळणेवाल्याला विचारूनच, दोरीच्या अलीकडे उभं राहून.

आणि मौत का कुआँ चुकवू नका. वर कठड्याशी उभं राहिलं की मोटरसायकल अंगावर येते आणि फळ्या पायाखाली थरथरतात. तो माणूस एकदम उभ्या भिंतीवर चढत नाही, आधी तळाशी तिरक्या पट्टीवर दोन-तीन फेऱ्या मारतो, स्पीड पकडतो, मग चढतो. लूपमध्ये गाडी का पडत नाही, बादलीतलं पाणी का सांडत नाही, तेच इथे आडवं आहे. लोक चढणं बघतात, टाळ्या वाजवतात, नोटा धरतात आणि निघून जातात. पोरांना उतरणं संपेपर्यंत थांबवून ठेवा. तो स्पीड थोडा थोडा कमी करतो, भिंतीवरून तिरक्या पट्टीवर येतो, तिथे परत एक-दोन फेऱ्या, आणि मग जमिनीवर. विचारा, तो भिंतीवरच ब्रेक का दाबत नाही.